सव्वीस हजार जसेच्या तसे

वैशाली गाडी चालवत होती. एवढंच झालं, दुसरं काही झालं नाही. अंजूरफाट्याला कंटेनरांची नेहमीची रांग लागलेली, माझी रिक्षा दोन ट्रेलरांच्या मधे अडकलेली, मांडीवर मृणालीच्या लग्नपत्रिकांचे नमुने, आणि समोरून एक मोठी पांढरी गाडी हळूहळू पुढं सरकत आली. स्टिअरिंगवर दोन हात, हातांत सोन्याच्या पाटल्या, आणि त्या पाटल्यांची मालकीण माझी भावजय. शेजारच्या सीटवर कुणी नाही, मागं कुणी नाही. एकटी. ओठ हलत होते, म्हणजे गाणंबिणं म्हणत असणार. तिनं मला पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काच खाली करून हाक मारली असती, ‘ताई, या, सोडते’ म्हणाली असती, हे मला पक्कं ठाऊक आहे. नाही पाहिलं त्याचं मला बरं वाटलं, आणि नाही पाहिलं म्हणून रागही आला. बाई गं, ही गाडी शिकली कधी? कुणी शिकवली? आणि मला कुणी कसं सांगितलं नाही? बेचाळिसाव्या वर्षी बाईमाणूस गाडी शिकते, माझ्या माहेरच्या अख्ख्या पूर्णा गावाला माहीत असणार, आणि नणंदेला ते रिक्षात बसून कळतं. रिक्षावाला ट्रेलरवाल्याला शिव्या देत होता. मी त्याला म्हटलं, भैया, निकालो ना, घर पे काम है. घरी काही काम नव्हतं.

नारपोलीत आमच्या घराला लागूनच आमचा कारखाना होता, कापड विणायच्या बारा लूमचा. सासऱ्यांनी उभा केला, माझ्या नवऱ्यानं, विठूनं, वीस वर्षं चालवला, आणि आदल्याच वर्षी, दोन हजार सहा साली, आम्ही तो विकला. लूम भंगारात गेले, किलोच्या भावानं. गाळा शेजारच्या अन्सारीशेठनं घेतला आणि तिथं स्वतःचे लूम लावले. त्यांचा खडखडाट भिंतीतून येतो, तिन्ही शिफ्ट. आमचा होता तेव्हा तो मला कधी ऐकू आला नव्हता. त्या दिवशी मी घरी आले तेव्हा विठू त्या भिंतीला पाठ लावून बसला होता आणि हातात एक रजिस्टरचं पाकीट होतं, माझ्या नावाचं, फोडलेलं. ‘तुझ्या माहेरचं हाय,’ म्हणाला. माहेरचं म्हणजे लडकू गोमा वेअरहाउसिंग प्रायव्हेट लिमिटेडचं. लडकू माझा बाप, गोमा आजा. दोघंही गुडघाभर चिखलात उभं राहून भात लावणारे, आणि त्यांच्या नावापुढं प्रायव्हेट लिमिटेड. पत्र इंग्रजीत होतं, पण मतलब सरळ होता. कंपनीला पूर्ण्याच्या जागेत अजून तीन गोडाऊन बांधायची होती. बँक म्हणत होती, आधी मालकांनी आपले चाळीस लाख घाला, मग बाकीचं आम्ही देतो. म्हणून कंपनी नवे शेअर काढत होती. ज्याचा जेवढा वाटा, तेवढे त्यानं विकत घ्यायचे. माझ्या वाट्याला दहा लाख चाळीस हजारांचे. महिन्याभरात पैसे भरा, नाहीतर सोबतचा फॉर्म सही करून हक्क सोडा. कारखान्याचे आलेले अकरा लाख बँकेत मुदतीवर होते, आणि आमच्याकडं दुसरं काही नव्हतं. विठू म्हणाला, ‘कमळ, हे भरायला पायजे. कारखाना गेला, आता तेवढाच वाटा हाय आपल्याला. मृणालीचं लगीन साधं करू. हळद घरापुरती करू.’ हळद घरापुरती! मी पत्रिकांचे नमुने त्याच्या पुढ्यात टाकले आणि आत निघून गेले.

आमच्या लोकांत बहिणीनं बापाच्या जमिनीत वाटा मागायचा नसतो. भावाच्या दारात जायचं, कागदावर अंगठा द्यायचा, हक्क सोडला म्हणायचं, भाऊ लुगडं नेसवतो ते नेसून जेवून परत यायचं. माझ्या दोन्ही आत्यांनी तसंच केलं. धाकटी आनंदीबाई, तिचा नवरा पुढं लवकर गेला, आणि ती राहनाळच्या गोडाऊनांत झाडू मारायला जायची. एकदा बापूस तिला तिथं बघून आला आणि दोन दिवस जेवला नाही. म्हणून असेल, दोन हजार एक साली माझ्या भावानं, धनेशनं, खाडीकाठची, खाजणातली जमीन गोडाऊनांसाठी कंपनीत घालायचं काढलं तेव्हा बापूस अडून बसला. ठाण्याचे सीए आले होते, अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या. धनेश म्हणाला, बायला दहा टक्के देऊ. धनेश मला बाय म्हणतो, मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. बापूस म्हणाला, ‘न्हाय.’ सीए म्हणाले, वीस? ‘न्हाय. मना एवढंच सांगा, ही नको म्हणाली तर याला जमीन विकता येवाची न्हाय, त्याला किती लागतं?’ सीएंनी सांगितलं, तसा नियम कंपनीच्या कागदात घालता येतो. जमीन किंवा कंपनी विकायची तर शंभरात पंचाहत्तर मतं पाहिजेत असं लिहू, आणि हिला पंचवीसच्या वर द्या. ‘मंग चार आणे आन् वर एक,’ बापूस म्हणाला. एक लाख शेअर झाले, त्यातले सव्वीस हजार माझे, बाकीचे धनेशचे. मी सही केली, आनंदानं. घरी येताना बसमधे मी विठूला म्हटलं होतं, माझ्या बापानं मला अंगठा द्यायला लावला नाही. त्या दिवशी वैशालीनं आम्हा सगळ्यांना चहा दिला होता आणि कप विसळायला मागच्या पडवीत निघून गेली होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. आणि मी ते बघितलं होतं, खोटं कशाला बोलू, बघून मला गोड वाटलं होतं.

कारण त्याआधीची सगळी वर्षं उलटी गेली होती. वैशाली राहनाळची, माझ्याच वर्गातली. माझ्याच वयाची वाटायची, पण दोन वर्षांनी लहान. हुशार म्हणून तिला वर चढवलं होतं म्हणे. हुशार कसली! गणितात मी पुढं होते. टक्केवारी, नफातोटा, सगळं मी तिला शिकवलं, शाळेमागच्या ओट्यावर बसून, तिच्या पाटीवर नव्हे, माझ्या वहीत. तिचा बाप गोडाऊनवर वॉचमन. माझा जुना परकर-पोलका तिनं घातलेला मी पाहिलाय. आणि मीच तिला या घरात आणली, हे तर कुणी विसरायचं नाही. मीच आयसला म्हटलं, आपल्या धनेशला वैशाली कर, गरिबाची आहे, वाकून राहील. लग्नाआधी मला कमळे म्हणायची. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ताई. मान वाढला, पण मला कमळे म्हणणारं माणूस जगातून गेलं. मी नारपोलीला आणि ती माझ्या घरात. माझ्या आयसच्या चुलीपुढं ती. माझ्या बापासोबत खाजणात ती. खाडीचं पाणी आत घ्यायचं, बाहेर सोडायचं, त्याला बांधात लाकडी दार असतं, उघाडी म्हणतात. ती उघाडी कधी उचलायची, कधी टाकायची, भरती-ओहोटीचा अंदाज कसा घ्यायचा, हे बापानं मला कधी शिकवलं नाही, लग्न होऊन जाणारी पोर म्हणून. तिला शिकवलं. मी माहेरी गेले की दोघं चिखलानं माखून बांधावरून येत असायची, पुढं तो, मागं ती, आणि तो तिला काहीतरी सांगत असायचा. मला बघून थांबायचा. ‘आलीस काय बाय?’ म्हणायचा. आलीस काय! पाहुणी म्हणूनच आले होते मी. बापूस गेला तेव्हासुद्धा, दोन हजार तीनला, निरोप येऊन मी नारपोलीहून पोचेपर्यंत त्याच्या तोंडात शेवटचं पाणी तिनं घातलेलं होतं. मी पोचले आणि ती मला मिठी मारायला उठली. मी तिच्या हाताखालून निघून सरळ आत गेले.

मग कंपनी वाढली आणि वैशालीही वाढली. कंपनीला दुसरा संचालक लागतो म्हणून धनेशनं तिचं नाव घातलं, आणि बघता बघता ती पूर्ण्याच्या ऑफिसात खुर्चीवर बसायला लागली. कॉम्प्युटर शिकली. ट्रकवाल्यांशी हिंदीत बोलायला लागली. आणि दोन हजार पाचला त्यांच्या लेकीचं, ऋतिकाचं लग्न निघालं. आमच्यात लग्नापेक्षा हळद मोठी. त्या हळदीला अठराशे माणूस. राजवाड्याचा सेट, कल्याणचा ऑर्केस्ट्रा, धवलारीण बाई धवले, आमची लग्नाची गाणी, गायला आली तर तिलासुद्धा माईक. मी आत्या, माझा मान पहिला, तो तिनं दिला. सगळ्यांच्या आधी मला हळद लावायला बोलावलं, माझ्यासाठी आणलेली पैठणी माझ्या साडीवरूनच खांद्यावर टाकली. बायका बघत होत्या. मी हसले. मला वाटलं, ती पैठणी तिथंच काढावी आणि फेकावी. आनंदीबाई आत्या माझ्या कानाशी म्हणाली, ‘तुझी भावजय सोन्यावानी हाय गं.’ त्या वाक्यानं माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो दोन वर्षं उतरला नाही. ती वाईट असती तर किती सोपं झालं असतं. तिनं कधी टोमणा मारला असता, मला मान द्यायला विसरली असती, तर चारचौघांत बोलता आलं असतं, रडता आलं असतं. तिनं मला काहीच बोलायला ठेवलं नाही.

तर पत्र आलं आणि आठवडाभर मी आणि विठू एकमेकांशी धड बोललो नाही. तो एकच म्हणत होता, वाटा सोडू नको. मी म्हणत होते, वाटा कुठं चाललाय? आणि मला खरंच तसं वाटत होतं. मी खाजणातल्या माणसाची मुलगी. खाजणात माझा तुकडा बांधानं बांधलेला असला, की शेजाऱ्यानं पलीकडं दहा एकर घेतले नाहीतर वीस, माझा बांध जागचा हलत नाही. त्यानं घातले तर त्याचे वाढतील. माझं कशाला कमी होईल? तरी खात्री करावी म्हणून मी एक दिवस पूर्ण्याला ऑफिसात गेले. सीएंचा माणूस आला होता, भाविक, तरुण, हसतमुख. धनेश बाहेर होता. मी विचारलं, हे पैसे नाही भरले तर माझ्या सव्वीस हजारांचं काय होणार? भाविक म्हणाला, ‘काही नाही होणार काकू. सव्वीस हजार शेअर जसेच्या तसे राहणार. त्यातला एकही कुणी काढू शकत नाही.’ बघ, मी मनात विठूला म्हटलं. तो पुढं म्हणाला, ‘फक्त टक्केवारीचं कसं होतं...’ आणि तेवढ्यात आतल्या दारातून वैशाली बाहेर आली. हातात फायली, डोळ्यांना चष्मा. चष्मा मला नवा होता. म्हणाली, ‘अगं बाई, ताई! भाविक, ताईंना नीट समजवून सांगा हां, टक्क्यांचं.’ मला! टक्के! जिला हाताला धरून मी टक्के शिकवले ती माझ्यादेखत एका पोरसवद्या माणसाला सांगते, ताईंना समजवून सांगा. मी उठले. म्हटलं, ‘ते मला कळतं. शाळेत होते मी.’ भाविकनं पेन कागदावर टेकवलं होतं, ते त्यानं उचललं. वैशाली चहाचं विचारत होती. मी म्हटलं, घरी पाहुणे आहेत. बाहेर येऊन गोडाऊनांच्या रांगेतून चालताना मला पाठीत तिची नजर जाणवत होती, आणि मी ताठ चालत होते, चपलेचा अंगठा तुटला होता तरी.

महिना संपायला चार दिवस होते तेव्हा ती आली. दुपारी, विठू बाजारात गेलेला, मृणाली मैत्रिणीकडं. गाडी आणली नव्हती, रिक्षानं आली होती, तोंडाला ओढणी बांधून. मी म्हटलं, ‘गाडी कुठं गेली? चालवतेस ना आता?’ ती चमकली, मग हसली. ‘यांनीच शिकायला लावली. ड्रायव्हरचा पगार वाचतो म्हनून.’ मग खाली बसली, सोफा असताना खाली, आणि भिंतीच्या खडखडाटात ऐकू यावं म्हणून जवळ सरकली. ‘ताई, तो फॉर्म भरलात काय?’ मी म्हटलं, बघते अजून. ‘सही करू नका. पैसे भरा. काय वाट्टेल ते करा, पन भरा. हे विकायला निघालेत. मुंबईची कंपनी हाय एक, सगळं घेते म्हनते, जमिनीसकट. यांना झेडपीला उभं रहायचं हाय, ठान्याला फ्लॅट घ्यायचा हाय. जमीन विकायला शंभरात पंचाहत्तर लागतात आन् यांच्याकडं चौऱ्याहत्तर हायत. एक कमी पडतो, तो तुमच्यामुळं. तुम्ही नवे शेअर घेतले न्हाय तर तुमचे सव्वीसचे पाच होतील. मंग कोन अडवनार?’ मी म्हटलं, ‘तू अडव की. तू संचालक आहेस, फोटो आहे तुझा कंपनीच्या कॅलेंडरवर.’ ती खाली बघून म्हणाली, ‘संचालक म्हंजे सही करनारी, ताई. ते सांगतात तिथं करते. माझ्या नावावर एक शेअर न्हाय.’ मला हसू आलं. खरंच आलं. एवढी मोठी गाडी, एवढ्या पाटल्या, आणि माझ्या घरात खाली बसून सांगते, माझ्या नावावर काही नाही! मी म्हटलं, ‘आणि माझ्या मृणालीच्या हळदीचं काय करू? पैसे तेवढेच आहेत.’ तेव्हा तिनं ते केलं. दोन्ही हातांतल्या पाटल्या उतरवल्या, साबण न लावता, हात लाल होईस्तोवर, आणि माझ्या पुढ्यात ठेवल्या. ‘ह्या घ्या. मोडा. कुनाला कळनार न्हाय, यांनाबी मी सांगेन हरवल्या. हळदबी होईल आन् वाटाबी राहील.’

आजही मला विचाराल तर मी सांगेन, त्या क्षणी मला तिचं सगळं खरं वाटलं होतं. पोटातून कळलं होतं की ही खोटं बोलत नाही. आणि तरी दुसऱ्याच क्षणी दुसरं काहीतरी उसळून वर आलं. म्हणजे माझ्या बापानं दिलेला वाटा हिच्या पाटल्यांवर टिकणार? माझ्या पोरीची हळद हिच्या सोन्यावर होणार? उद्या मांडवात ती हिंडेल आणि तिला एकटीला ठाऊक असेल, हे सगळं माझं आहे. कुणाला सांगणार नाही ती. कधीच नाही सांगणार. ते जास्त वाईट. मी म्हटलं, ‘उचल त्या. तुला माझ्या पोरीची मोठी हळद बघवत नाही, असं सरळ सांग.’ ती म्हणाली, ‘ताई, मी कशाला...’ मी म्हटलं, ‘अठराशे बोलावलेस ना? मी तीन हजार बोलावणार.’ तिनं पाटल्या उचलल्या, पण घातल्या नाहीत, पर्समधे टाकल्या. दारात चपला घातल्या, तोंडाला ओढणी बांधली आणि गेली. मी कपाटातून फॉर्म काढला. कुठं सही करायची तिथं भाविकनं पेन्सिलीनं बारीक फुली मारून ठेवली होती. माझी सही वळणदार आहे, शाळेत बाई कौतुक करायच्या. मी ती सावकाश केली, आमच्या आत्यांनी अंगठा दिला होता आणि मी सही करते आहे, असं काहीतरी मनात येऊन मला अभिमानसुद्धा वाटला. विठू आला, त्यानं फॉर्म बघितला, आणि भाजीची पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेला. बराच वेळ तो मटार सोलत बसला होता.

हळद झाली. मे महिन्यात, मैदानावर. तीन हजारांच्या वर माणूस. देवळाचा सेट, दोन ऑर्केस्ट्रा, एक थांबला की दुसरा. लोक अजून नाव काढतात. वैशाली पहाटेच आली होती, धवलारीण घाण्याचे धवले म्हणत होती आणि ही बायकांत बसून हळद कुटत होती, कोपरापर्यंत पिवळी. मी तिला पैठणी दिली. तिनं मला दिली होती त्याच्या दीडपट किमतीची. ती तिथल्या तिथं नेसली. संध्याकाळभर मी काय केलं सांगू? मृणालीकडं बघितलंच नाही मी. माझ्या एकुलत्या एका पोरीला हळद लागत होती आणि मी मांडवाच्या एका खांबाआडून वैशालीचं तोंड बघत होते. कुठंतरी चर्र होईल, ओठ मुरडेल, बायकांत जाऊन हळूच काही बोलेल. तीन हजार माणसं मी त्या एका तोंडासाठी जेवायला घातली होती. ती नाचत होती. मृणालीच्या गालाला हळद लावून तिची अलाबला घेत होती, डोळे भरून येत होते तिचे. ती मनापासून खूश होती. माझी सगळी हळद फुकट गेली.

जानेवारीत नोटीस आली, सभेची. मी एकटी गेले, विठू येतो म्हणाला नाही आणि मी त्याला म्हटलं नाही. पूर्ण्याच्या ऑफिसात लांब टेबल, त्याच्या एका टोकाला धनेश, मधे भाविक कागद घेऊन, एका बाजूला वैशाली चष्मा लावून, हात मांडीवर. हातात काचेच्या बांगड्या होत्या. भाविकनं ठराव वाचला: कंपनीची सगळी जमीन, गोडाऊनांसह, अमुक कंपनीला विकण्यास मंजुरी. आठ महिन्यांपूर्वी ती हेच सांगून गेली होती, शब्दन्‌शब्द. भाविक म्हणाला, बाजूनं? धनेशनं हात वर केला. विरोधात? मी हात वर केला. असा वर केला की खांद्यातून कळ गेली. भाविकनं लिहिलं आणि वाचलं, ‘बाजूनं चौऱ्याण्णव पूर्णांक आठ. विरोधात पाच पूर्णांक दोन. ठराव मंजूर.’ ठाऊक असूनही माझ्या तोंडून निघालं, ‘पाच कसे? माझे सव्वीस आहेत.’ भाविक खाली बघत म्हणाला, ‘शेअर सव्वीस हजारच आहेत काकू. पण आता एकूण एक लाखाचे पाच लाख झालेत. तुम्ही सोडलेले सरांनी घेतले.’ पाचशेत सव्वीस. मला कागदही लागला नाही, तोंडी जमलं. टक्केवारी माझी चांगलीच होती. धनेश माझ्याकडं बघून म्हणाला, रागानं नाही, समजावत म्हणाला, ‘बाय, तूच सही केली न्हवं? मी तुझ्यावर जबरदस्ती केली काय? आन् तुला तुझ्या वाट्याचा चेक येतोय.’ मी वैशालीकडं बघितलं. आता तरी बोलेल, ‘सांगितलं होतं ना ताई?’ मी त्याची वाट बघत होते. मला ते हवं होतं. तिनं चष्मा काढला, टेबलावर ठेवला, विचारलं, ‘माझी सही कुठं?’ आणि दाखवलं तिथं करून बाहेर निघून गेली.

मी बाहेर आले तेव्हा ती तिसऱ्या नंबरच्या गोडाऊनच्या ओट्यावर बसली होती, जिथं ट्रक माल उतरवायला मागं येऊन लागतात. तिथंच पूर्वी बांध होता, ते मला तिच्यामुळं आठवलं नाही, मला माहीत होतं. ती रडत होती. तोंडावर पदर नाही, हात नाही. बाजूला हमाल गोणी उतरवत होते, त्यांची पर्वा नाही. मला बघून तिनं जागा केली. मी बसले. ‘दादांनी मना सांगितलं होतं,’ ती म्हणाली. दादा म्हणजे माझा बापूस. ‘शेवटच्या साली. आमी उरलेल्या खाजणात उघाडी टाकायला गेलो होतो, तवा म्हनाले, कमळला मी सव्वीस दिलेत, पन ती रागीट हाय, रागात काय बी करील. तिचा वाटा तू राख. माझ्याकडून वचन घेतलं. मना न्हाय राखता आला, ताई. दादांना मी आता काय सांगू?’ माझा वाटा राखायला माझ्या बापानं तिला सांगितलं होतं. मला नाही, तिला. आणि मला ओळखून सांगितलं होतं. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, मी ठेवला नाही. मी रडायचा प्रयत्न केला. बापाचं तोंड आठवलं, आनंदीबाईचा झाडू आठवला, मृणालीचा न बघितलेला पिवळा चेहरा आठवायला गेले. काही येईना, डोळे कोरडे ठाक. बाप माझा, जमीन त्याची, घालवली मी, आणि जिच्या नावावर एक शेअर कधी नव्हता ती तिथं बसून पोटातून रडत होती. मी तिच्याकडं बघत राहिले, आणि खरं सांगते, त्या रडण्याचाही मला हेवा वाटला.